हात कुणाचेही असू शकतात

त्या सकाळी मी अंगणात बसून इंद्रायणी भाताचं बियाणं पाखडत होते आणि मोबाइल सुपाशेजारी पडला होता. तो वाजला. आम्ही सगळे ज्या साइटवर व्हिडिओ टाकतो, तिच्याकडून मेल आला होता. माझ्या राब भाजण्याच्या व्हिडिओवर कुणीतरी मालकी सांगितली होती. हा व्हिडिओ दुसऱ्याच्या मालकीचा आहे, सात दिवसांत तो स्वतः काढा किंवा लेखी हरकत घ्या, नाहीतर तिसरी ताकीद बसेल, असा एकूण मजकूर. पहिल्या दोन ताकिदी त्याच आठवड्यात बसल्या होत्या. तिसरी बसली की माझी दोन्ही चॅनेल कायमची बंद होणार आणि त्यांवरचं वर्षानुवर्षांचं काम पुसलं जाणार, हेही खाली लिहिलं होतं.

मी तो व्हिडिओ उघडून पाहिला. त्यात माझे दोन हात वाफ्यावर पाला पसरत होते. डाव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण आहे, ती अगदी स्वच्छ दिसत होती. मग मी सुपावरच्या माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. खूण जागच्या जागी होती. मालक मात्र दुसराच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बियाणं तसंच टाकून मी उठले, तर सासूबाई ओसरीवरून ओरडल्या की कोंबड्या सुपात तोंड घालतायत.

आधी राब म्हणजे काय ते सांगते, कारण आमचं मावळ म्हणजे पावसात भिजायची जागा एवढंच पुष्कळांना ठाऊक असतं. भाताची रोपं ज्या वाफ्यात वाढवायची, ती जागा उन्हाळ्यातच भाजून काढतात. खाली सुकं शेण, त्यावर झाडाच्या फांद्या आणि पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यांत वर बारीक माती. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे ते सावकाश धुमसत जळतं आणि खालच्या तणाचं बी मरतं. हे सगळे करतात, पण कुठला थर किती जाड घालायचा हे ज्याच्या त्याच्या हाताला माहीत असतं. माझ्या हाताला ते सासूबाईंनी शिकवलं, आणि शिकवताना एक दिवसही गोड बोलल्या नाहीत.

परंदवडीजवळ आमचं थोडंसं भाताचं रान आहे. नवरा नवलाख उंबऱ्याच्या बाजूला कारखान्यात शिफ्टला जातो, त्यामुळे शेत मी आणि सासूबाईच पाहतो. मी तळेगावला बारावीपर्यंत शिकले. पुढे शिकायचं होतं, ते राहिलं, आणि त्याचा राग माझ्यात कुठेतरी असतोच. हातात मोबाइल आला तेव्हा वाटलं, आपल्याला जे येतं ते तरी लोकांना दाखवू. सासूबाईंनी एका अटीवर परवानगी दिली.

"हात दाव, सैपाक दाव, वावर दाव. पन तोंड दावायचं न्हाई आन नाव सांगायचं न्हाई. लोकं दारात येऊन इचारतील, ही कोनाची सून म्हनून."

मी कबूल झाले. तेव्हा मला तेवढंही पुष्कळ होतं. तांदळाच्या बरणीला मोबाइल टेकवायचा आणि हात चालवायचे. तांदळाची भाकरी, खेकड्यांचा रस्सा, पहिल्या सरीनंतरच्या रानभाज्या, आवणी म्हणजे रोपांची लावणी, झोडणी म्हणजे भाताची मळणी, राब. बोलायची मीच, पण चेहरा कधी आला नाही. सासूबाई मात्र पाठीमागे उभ्या राहून सारख्या चुका काढायच्या. त्यांचा तो आवाज मी नंतर बसून कापून टाकायची. लाज वाटायची. एवढी मोठी बाई, व्हिडिओ बनवते आणि सासूच्या शिव्या खाते, असं लोकांनी म्हणू नये म्हणून.

तीनेक वर्षांपूर्वी लोणावळ्याहून एक तिशीतला माणूस आमच्याकडे आला. तो पर्यटकांसाठी चॅनेल चालवतो: कुठे राहायचं, काय खायचं, कुठल्या कड्यावर उभं राहून फोटो काढायचा. माझे व्हिडिओ त्याने पाहिले होते. "ताई, हे तुमचे व्हिडिओ आमच्या चॅनेलवर टाकू का? खरं मावळ लोकांना दिसेल." माणूस बोलायला सरळ होता. दोन दिवस येऊन त्याने मला खूप काही शिकवलं. व्हिडिओवर अक्षरं कशी टाकायची, वरचं चित्र कसं बनवायचं, आवाजातली खरखर कशी काढायची. आमच्याकडे भाकरी खाल्ली, सासूबाईंच्या पाया पडला. तो गेल्यावर मी त्याला मेसेज केला, "दादा, व्हिडिओ खुशाल वापरा. इर्जिक समजा."

आता ही इर्जिक म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. एखाद्याचं काम अडलं की भावकीतले, शेजारचे आपापले बैल घेऊन, विळे घेऊन येतात आणि एका दिवसात ते उरकून देतात. मजुरी कुणी मागत नाही. त्या दिवशी जेवण घालायचं, आणि त्यांचं काम निघेल तेव्हा आपण जायचं. त्यात कागद नसतो, अट नसते. इर्जिकीला आलेल्या माणसाला 'बाबा, माझं शेत तेवढं नेऊ नकोस' असं कुणी बजावत नाही. ते बजावायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याने मला शिकवलं, मी त्याला व्हिडिओ दिले, फिटंफाट झाली, असा माझा हिशोब. चूक झाली ती तिथेच, आणि ती माझी होती.

कारण पुढे त्याने आपलं अख्खं चॅनेल पुण्याच्या एका कंपनीच्या हाती दिलं. या कंपन्या व्हिडिओ गोळा करतात आणि साइटवर त्यांची नोंद करून ठेवतात. मग तोच व्हिडिओ त्यानंतर जगात दुसऱ्या कुणी टाकला की यंत्र लगेच ओरडतं. चॅनेल देताना त्याने सही करून सांगितलं होतं की यातलं सगळं माझ्या मालकीचं आहे. त्या सगळ्यात माझे व्हिडिओही गेले. मला कुणी विचारलं नाही आणि कुणी कळवलंही नाही.

आणि मी इकडे काय केलं? माझ्या जुन्या चॅनेलवर भाकरीपासून भातापर्यंत सगळी सरमिसळ झाली होती. लोक लिहायचे, "ताई, शेतीचं वेगळं काढा." म्हणून यंदा राबाचा हंगाम तोंडावर आल्यावर मी फक्त भातशेतीचं दुसरं चॅनेल काढलं आणि माझेच जुने व्हिडिओ तिथे पुन्हा टाकले. आवणीचा टाकला, पहिली ताकीद. झोडणीचा टाकला, दुसरी ताकीद. आणि राबावर ही तिसरी, डोक्यावर टांगलेली. माझ्याच घरातली वस्तू या खोलीतून त्या खोलीत नेली म्हणून मला चोर ठरवलं होतं.

नवरा शिफ्टवरून आला तसं त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाला, "अगं, काढून टाक की तो एक व्हिडिओ. बाकीचं तरी वाचंल."

"आणि उद्या त्यांनी भाकरीवर हक्क सांगितला तर?"

"तवाचं तवा बघू. हरकत घेतली तर नाव-पत्ता द्यावा लागतोय, हितं लिवलंय बघ. ते कोर्टात गेले म्हंजी? आपल्याला परवडनार हाय का कोर्टकचेरी?"

तो काही चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. सात दिवसांत एक बोट दाबायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्या गावात ज्याला ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. कशाला वाकड्यात शिरतेस. एकाने तर सांगितलं की व्हिडिओ उलटा करून टाक, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, म्हणजे यंत्राला ओळखू येत नाही. म्हणजे माझा अंगठा मी उजव्या हाताला लावायचा आणि माझ्याच व्हिडिओची चोरटी नक्कल करायची. त्या सल्ल्यावर मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी वडगावला गेले. कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात, माहेरच्या ओळखीतल्या. त्यांना मोबाइल दाखवला, तो इर्जिकीचा मेसेजही दाखवला. त्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाल्या, "व्हिडिओ तुम्ही बनवला तेव्हाच त्याचा हक्क तुमचा झाला. त्यासाठी कुठे नोंद करावी लागत नाही. तुम्ही त्याला वापरायला दिला, मालकी दिली नाही. मालकी द्यायची तर ती लेखी द्यावी लागते, सही करून. आणि जे त्याचं नव्हतंच ते तो पुढे कंपनीला कसं देणार?"

मला एकदम हलकं वाटलं. पण बाई थांबल्या नाहीत. "पण तुम्हीही कुठे, किती दिवस, पुढे कुणाला द्यायचं की नाही, यातलं काहीच लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं होतं." मी मान खाली घातली. मग त्यांनी आवणीचा व्हिडिओ लावला. त्यात मागे आमच्या आळीतल्या बाया वाकून रोपं लावता लावता गात होत्या. त्यांनी विचारलं, "हे आवाज कुणाचे? त्यांना विचारलं होतं का?"

मी विचारलं नव्हतं. आम्ही सगळ्याच एकमेकींच्या आवणीला जातो, त्यात काय विचारायचं, असं मला तेव्हा वाटलं होतं. लोणावळ्याच्या त्या माणसालाही माझ्याबद्दल अगदी असंच वाटलं असणार. परतीच्या जीपमध्ये ही गोष्ट मला फार बोचली.

संध्याकाळी घरोघर गेले. बाया हसल्याच. "आगं, आमचं गानं कोन ऐकतंय, ऱ्हाऊ दे की." पण शेजारची एक मावशी, जिचा आवाज सगळ्यांत वर चढतो, ती हसली नाही. तिने मला उंबऱ्यावर बसवलं आणि पाणीसुद्धा न देता सुनावलं.

"आदी टाकला, मंग इचारतीस. ह्यो कुटला न्याय?"

"चुकलंच मावशी. काढू का?"

ती एकेक बोट मोजत सांगू लागली. "ऱ्हाऊ दे. पन तुज्याच चॅनेलवर. दुसऱ्या कुनाला द्यायचा न्हाई. माजा आवाज काडून तितं दुसरं गानं घालायचं न्हाई. आन मी मेल्यावर माज्या सुनंला इचारायचं."

मी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने जे मिनिटभरात सांगितलं, ते बारावी झालेल्या मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. तिने खाली अंगठा उठवला आणि मगच पाण्याचा तांब्या पुढे केला.

तिसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला गेले. सुट्टीचा दिवस होता, बाजारपेठेत गाड्यांच्या रांगा लागलेल्या आणि माणसं चिक्कीच्या पिशव्या सावरत वाट काढत होती. त्याचं ऑफिस एका चिक्कीच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात गुळाचा वास भरून राहिलेला. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं. मी पाण्याला हात लावला नाही.

"ताई, ते यंत्र करतं हो. आमच्या हातात काही नाही," तो म्हणाला.

"सही यंत्राने केली का?"

तो जरा गडबडला. "तसं नाही. सगळं एकत्रच दिलं ना आम्ही कंपनीला. आता वेगळं काढायचं म्हणजे फार भानगड. तुम्ही तो एक व्हिडिओ काढा ना. मी आमच्या व्हिडिओखाली तुमचा उल्लेख करतो, सौजन्य म्हणून."

माझ्याच व्हिडिओला माझंच सौजन्य! माझा आवाज चढला. खालचं गिऱ्हाईक जिन्यात डोकावून गेलं. मी म्हटलं, "दादा, तो राब कुणाचा आहे सांगा. पाल्याखाली काय घातलंय सांगा. कुठल्या बाजूने पेटवलाय ते तरी सांगा." त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग मी डावा हात त्याच्या टेबलावर ठेवला, अंगठा पुढे केला. "ही खूण बघा. आता लावा तुमचा व्हिडिओ."

त्याने व्हिडिओ लावला नाही. हाताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण कंपनीच्या दृष्टीने बघा. त्यात चेहरा नाही, नाव नाही. हात कुणाचेही असू शकतात."

खरं सांगते, तिथे मला रडू आलं असतं. पण त्याच्यासमोर रडायचं नाही एवढं भान होतं. मी पदर खोचला आणि जिना उतरले. स्टेशनपर्यंत चालत गेले, आणि सबंध रस्ताभर तेच एक वाक्य डोक्यात घुमत होतं. कुणाचेही. खेकडा धरताना ज्याला नांगीचा चिमटा बसला तो हात, मार्गशीर्षात दवाने भिजलेल्या पेंढ्या ओढणारा हात, कुणाचाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याला तसं म्हणता आलं ते माझ्यामुळे. चेहरा झाकायचा हे मीच कबूल केलं होतं.

घरी आले तर सासूबाई वाफ्यावर शेण पसरत होत्या. मी घडलेलं सगळं त्यांना सांगून टाकलं. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"इर्जिक म्हनून दिलतंस ना?"

"व्हय आत्या."

"मग? इर्जिकीला बैल धाडला तर सांजच्याला दावनीला परत येतो. नांगर मागितला तर नांगर परत येतो. वावर ज्याचं त्याचं. ह्यो बाबा तर वावरच सातबाऱ्यासकट घिऊन गेला." त्यांनी हातावरचं शेण झटकलं. "पुरावा काय हाय तुज्याकडं?"

पुरावा. मी आत गेले आणि कपाटातला डबा काढला, ज्यात जुने चार्जर, तुटके चष्मे आणि माझा पहिला मोबाइल असतो. काच तडकलेली, पण चार्जिंगला लावला तर अर्ध्या तासाने उजळला. राब भाजण्याचं मूळ चित्रण त्यात जसंच्या तसं होतं, न कापलेलं, टाकलेल्या व्हिडिओच्या दुप्पट लांब. मी ते लावलं. पडद्यावर माझे हात हलू लागले आणि पाठीमागून आवाज आला:

"आगं, सुकं श्यान पसरायचं आसतं, रचायचं नसतं. भिंत बांदतीस का? तुज्या आयनं हेच शिकिवलं व्हय? पाला दाब, दाब. आन त्यो मोबाइल ठेव बाजूला, इस्तू लागंल त्याला."

मग माझं हसू, मग पुन्हा शिव्या. मध्येच मोबाइल आडवा पडला आणि क्षणभर आमच्या दोघींची तोंडं दिसली, घामाने आणि राखेने माखलेली. हेच मी कापून टाकलं होतं. आणि जे कापलं होतं तेवढंच त्या कंपनीकडे नव्हतं. त्यांच्याकडे फक्त मी टाकलेला व्हिडिओ होता. आधीचं, मधलं आणि नंतरचं माझ्याकडे होतं.

सासूबाई ओसरीवर बसून आपलाच आवाज ऐकत होत्या. "लोनावळ्याच्या पिच्चरमदी माजा आवाज हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आत्या. त्यांनी गाणं घातलंय."

"आन तुज्यात?"

मी मोबाइल बंद केला. त्यांना उत्तर कळलं. त्या म्हणाल्या, "मंजी पयला तूच काडलास." एवढं बोलून त्या चुलीकडे गेल्या. लोणावळ्याच्या माणसावर मी जितकं तोंड टाकून बोलले, तितकं मला स्वतःला सुनवायला हवं होतं.

सहाव्या दिवशी मी हरकतीचा अर्ज भरायला बसले. नवऱ्याला सुट्टी होती, तो शेजारी खुर्ची ओढून बसला. कुठल्या व्हिडिओबद्दल, तो तुमचा कसा, सगळं विचारलेलं. मी तिन्ही व्हिडिओंबद्दल लिहिलं. मूळ चित्रण माझ्याकडे आहे, ते हवं तिथे दाखवायची माझी तयारी आहे. वापरायची परवानगी मी दिली, मालकी कधीच कुणाला दिली नाही. लिहिलेलं खोटं निघालं तर मी जबाबदार राहीन, अशीही एक ओळ होती, तिच्यापुढे खूण केली. मग शेवटचे रकाने आले. संपूर्ण नाव. घरचा पत्ता. हे सगळं समोरच्या कंपनीला पाठवलं जाईल, असा इशारा लाल अक्षरांत.

इतक्या वर्षांत मी माझं नाव एकाही व्हिडिओवर टाकलं नव्हतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या लसूण सोलत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "घाल की. चोरी केलीस व्हय तू?"

मी नाव लिहिलं. माझं, वडिलांनी ठेवलेलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. गाव, तालुका, जिल्हा. नवरा वाकून वाचत होता. मला वाटलं आता हा कोर्टाचं काढणार. त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलाय." तो दुरुस्त करून मी अर्ज पाठवला.

नियम असा होता की एवढी हरकत आल्यावर कंपनीने ठरलेल्या मुदतीत कोर्टात जावं, नाहीतर व्हिडिओ परत द्यावे. ते दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. दारात कुणी पांढऱ्या गाडीतून उतरलं की नवरा खिडकीशी जायचा. मी मात्र ठरवून टाकलं होतं. चॅनेल गेलं तर जाईल, पण माझ्या हाताने मी माझा व्हिडिओ काढणार नाही. काढला तर त्या माणसाचं म्हणणं मीच खरं ठरवल्यासारखं होईल.

कोर्टात कुणी गेलं नाही. मुदत संपली आणि एका दुपारी तीन ओळींचा मेल आला. दावा मागे घेतला आहे, ताकिदी काढल्या आहेत, व्हिडिओ पूर्ववत केले आहेत. माफीचा शब्द कुठेही नव्हता. मी तो मेल मावशीला वाचून दाखवला. तिने विचारलं, "माजा आवाज हाय ना जाग्यावर?" मी तो लावून दाखवला. ती सगळा ऐकून मग घरात गेली.

त्यानंतर काही दिवसांनी लोणावळ्याहून मेसेज आला. "ताई, झालं गेलं विसरू. यंदाच्या हंगामाचे नवीन व्हिडिओ द्याल का? या वेळी तुमचं नाव टाकू." मी वहीतलं मावशीचं पान उघडलं आणि त्यावरून माझ्या अटी लिहून पाठवल्या. फक्त तुमच्या चॅनेलवर, एका वर्षासाठी, पुढे कुणाला द्यायचं नाही, कंपनीला तर नाहीच, आमचे आवाज काढायचे नाहीत, आणि खाली दोघांच्या सह्या. शेवटी एक ओळ माझ्या पदरची जोडली: "तुमच्या दोन दिवसांची फेड मी केली. आता पाळी तुमची. राब भाजायला या, सकाळी सातला, जुने कपडे घालून." त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तो आला नाही म्हणून राब काही थांबला नाही. त्या सकाळी वारा पडला होता. मी वाफ्याच्या बांधावर दगड रचून मोबाइल टेकवला, या वेळी जरा उंच. मग समोर जाऊन उभी राहिले. कॅमेऱ्यात पहिल्यांदाच माझं तोंड होतं, कपाळावर घाम, केस विस्कटलेले. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग दोन्ही हात वर केले, डावा अंगठा पुढे धरला आणि म्हटलं, "हे हात माझे आहेत."

पुढे काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, पण पाठीमागून आवाज आला, "हात काय दावतीस, काडी लाव. वारं फिरलं तर मंग मला न्हाई सांगायचं. आन ह्यो राब मी शिकिवलाय, त्ये बी सांग त्यास्नी."

मी मागे वळले, त्यांना दंडाला धरून पुढे आणलं आणि माझ्या शेजारी उभं केलं. त्यांनी पदर सावरला, मोबाइलकडे रोखून पाहिलं आणि आपलं नाव स्वतःच सांगितलं. मग दोघींनी मिळून काडी लावली. घरी आल्यावर मी तो व्हिडिओ दोन्ही चॅनेलवर टाकला, आणि त्यातलं एक अक्षरही कापलं नाही.